यात्रेकरूचा परवाना

म्हाताऱ्या माणसाला मुंबई दाखवायची म्हणजे नेमके काय दाखवायचे, हा प्रश्न गेल्या हिवाळ्यात आमच्या घरी निघाला आणि तीन रात्री तो मिटला नाही. धानाचे चुकारे नुकतेच झाले होते. दोन पैसे हाताशी होते. मायचे वय शहात्तर, गुडघे दुखरे. पण तिने आयुष्यात समुद्र पाहिला नव्हता आणि तो पाहिल्याशिवाय आपण जाणार नाही असे ती भाजी निवडता निवडता सहज म्हणाली. सहज म्हटलेल्या गोष्टी टाळता येत नाहीत.

माझा एक जुना विद्यार्थी मुंबईला नोकरीला आहे. त्याला फोन केला, तर तो म्हणाला, "सर, एक करा. पास काढा. एकदा काढला की दिवसभर कुठेही चढा, कुठेही उतरा." याच विद्यार्थ्याला त्याच्या कंपनीने मध्यंतरी फ्रान्सला पाठवले होते. तिथे पॅरिस शहरात संग्रहालये पाहण्याचा पास मिळतो, तो दोन, चार किंवा सहा दिवसांचा असतो, एवढे सांगून त्याने आणखी एक गोष्ट सांगितली ती माझ्या मनात घर करून राहिली. चार दिवसांचा पास काढून तो रोज पाच-पाच ठिकाणी धावला, आणि पैसे वसूल झाले. पण काय पाहिले ते आता त्याला नीट आठवत नाही. "पाय मात्र आठवतात, सर," असे म्हणून तो हसला.

मी मॅट्रिकच्या पुढे गेलो नाही. इतिहास मी शिकलो तो वाचनालयातल्या जुन्या पुस्तकांतून आणि कादंबऱ्या लिहिताना लागणाऱ्या उस्तवारीतून. त्यामुळे कोणताही साधा व्यवहार समोर आला की हा प्रकार मुळात आला कुठून, हे पाहण्याची खोड मला लागली आहे. पत्नी वहीत बेरीज मांडत होती, आणि मी पासाचे मूळ शोधत बसलो. त्या शोधाची ही हकीगत.

पास म्हणजे वाटेवर अडवणाऱ्याला दाखवायचा कागद. पेशवाईत त्याला दस्तक म्हणत. चौकीवरच्या जकातदाराने अमक्याला व त्याच्या सरंजामाला मुजाहीम होऊ नये, अशी त्यात आज्ञा असे. समुद्रावर पोर्तुगीजांचे कार्ताझ होते. ते जवळ नसलेले गलबत लुटले जाई. म्हणजे मूळचा पास हा सवलतीचा कागद नव्हता. अडवणारा आणि सोडणारा एकच, आणि सोडण्याची किंमत तो घेणार, असा हा मामला होता. पण ठराविक रक्कम भरा, इतके दिवस राहा, एवढे पाहा, अशा दिवसांनी मोजलेल्या दर्शनाच्या पासाला जवळचा असा जुना नमुना मला सापडला तो मुंबईत नाही, लंडनलाही नाही. तो सापडला जगन्नाथपुरीला. आणि त्या गोष्टीत आपल्या नागपूरकर भोसल्यांचा भाग आहे.

भंडारा आणि भोवतालचा झाडीचा मुलूख ज्यांच्या राज्यात होता त्याच भोसल्यांच्या हाती १७५१ साली ओरिसाचा कारभार आला. बंगालचा नबाब अलीवर्दीखान वर्षानुवर्षांच्या स्वाऱ्यांनी थकला आणि तहाला कबूल झाला. त्यानंतर सुमारे पन्नास वर्षे, १८०३ पर्यंत, पुरीच्या देवळावर नागपूरचा अंमल होता. बंगालमधल्या मराठ्यांच्या स्वाऱ्यांच्या आठवणी तिकडच्या अंगाईगीतांत अजून भीतीच्या रूपाने आहेत, हे आपण मोकळेपणाने कबूल केले पाहिजे. पण पुरीच्या देवळाशी मराठ्यांचे नाते निराळे होते. त्यांनी देवळाची व्यवस्था ठेवली, नेमणुका चालविल्या. आज सिंहद्वारासमोर जो उंच अरुणस्तंभ उभा आहे तो मूळचा कोणार्कच्या सूर्यमंदिरापुढचा. तो पुरीला आणून उभा केला गेला तो मराठ्यांच्याच अमदानीत. आणि देवाची सेवा करता करता ते यात्रेकरूंकडून करही घेत होते. त्यात कोणाला विसंगती वाटत नव्हती. आजही कोणत्या देवस्थानात वाटते?

सप्टेंबर १८०३ मध्ये इंग्रजांची फौज पुरीत शिरली आणि डिसेंबरात देवगावच्या तहाने भोसल्यांनी कटक प्रांत सोडला. कंपनी सरकारने आधी कर थांबविला. मग दोन-तीन वर्षांनी त्यांच्या लक्षात आले असावे की हे हातचे उत्पन्न जाते आहे. १८०६ साली त्यांनी कायदाच केला, आणि मराठ्यांचा सैलसर कर इंग्रजी टापटिपीने वर्गवारी लावून पुन्हा सुरू केला.

ही वर्गवारी मुळातून पाहण्यासारखी आहे. यात्रेकरूंचे चार वर्ग केले : लाल, निमलाल, भुरंग आणि पुंजतीर्थी. 'लाल' यात्रेकरू उत्तरेकडून आला तर त्याने दहा रुपये भरायचे, दक्षिणेकडून आला तर सहा. 'निमलाल'ने त्याच्या निम्मे, म्हणजे पाच किंवा तीन. 'भुरंग'ने दोन. आणि पुंजतीर्थी म्हणजे अगदी गरीब. त्यांना कर नाही, पण आत प्रवेशही नाही. त्यांनी बाहेर थांबायचे. ज्याने दहा भरले त्याला तीस दिवस देवळात जाण्याची मुभा. निमलालला त्याहून पुष्कळ थोडी. भुरंगला चार-पाच दिवस. बैरागी, संन्यासी यांना माफी होती. उत्तरेकडून येणाऱ्याने अठरानाला नावाच्या जुन्या पुलावर पैसे भरायचे, दक्षिणेकडून येणाऱ्याने लोकनाथाच्या घाटावर. पैसे भरले की परवाना हाती पडे. त्यावर त्याचा वर्ग आणि मुदत. देवळाच्या दाराशी तो पाहिला जाई.

दहा रुपये ही रक्कम आज आपल्याला चहापाण्याची वाटते. त्या काळी कंपनीच्या पायदळातल्या शिपायाचा महिन्याचा पगार सात रुपये होता. म्हणजे दीड महिन्याच्या पगाराएवढी रक्कम देवाच्या दारात शिरण्यापूर्वी पुलावर मोजायची. आणि पुलापर्यंत पोहोचणे म्हणजे काय? आपल्याकडून निघालेला माणूस छत्तीसगडचे मैदान ओलांडून, महानदीच्या खोऱ्याने, रानावनातून महिना-दोन महिने चालत जायचा. पटकीने वाटेत किती मेले याला गणती नाही. पंड्यांचे गुमास्ते गावोगाव फिरून यात्रेकरू गोळा करीत आणि वाटेत उसने पैसेही देत; त्याची फेड घरी परतल्यावर.

मला या साऱ्यात एक गोष्ट विलक्षण वाटते. त्या पुलावर उभ्या असलेल्या माणसाला जो प्रश्न पडत असेल तोच प्रश्न आमच्या घरी तीन रात्री चालला होता. दोन रुपयांत चार दिवस, की पाचांत त्याहून जास्त, की दहांत पुरा महिना? खिशात परतीचे किती उरतील? बरोबर म्हातारी आई असेल तर चार दिवसांत तिचे दर्शन होईल का, गर्दीत ती टिकेल का? त्या पुलावर हा हिशेब कोणी कोणत्या भाषेत केला, कोणी कोणाची समजूत घातली, याची नोंद कंपनीच्या दप्तरात असणार नाही. दप्तरात फक्त जमा.

प्रयागला आणि गयेलाही असाच कर होता. प्रयागला पायी येणाऱ्याला एक रुपया, आणि हत्तीवरून येणाऱ्याला त्याच्या कितीतरी पट. त्या निमित्ताने विलायतेत मोठा गदारोळ झाला. क्लॉडियस ब्यूकॅनन नावाचा पाद्री १८०६ साली पुरीला जाऊन आला होता. त्याने आणि त्याच्या मताच्या मंडळींनी रान उठविले. त्यांचा मुख्य आक्षेप गरिबाच्या खिशाबद्दल नव्हता. ख्रिस्ती सरकारने मूर्तिपूजेतून उत्पन्न घेऊन तिला मान्यता द्यावी याबद्दल होता. काही असो, १८४० साली हे कर कायद्याने बंद झाले. ज्याच्या भल्यासाठी नव्हे त्याच्या भांडणातून गरिबाचे भले झाले, असे इतिहासात पुष्कळदा होते.

गंमत पुढेच आहे. पुरीचा परवाना बंद होऊन वर्ष उलटते न उलटते तोच, जुलै १८४१ मध्ये, इंग्लंडात टॉमस कुक नावाच्या गृहस्थाने लेस्टरहून लाफबरोपर्यंत आगगाडीने एक सहल नेली. माणशी एक शिलिंग. हा मनुष्य दारूबंदीचा प्रचारक. दारूच्या गुत्त्याऐवजी लोकांनी सहलीला जावे, ही त्याची कल्पना. पुढे १८५१ साली लंडनला मोठे प्रदर्शन भरले तेव्हा त्याने सुमारे दीड लाख माणसे तिथे नेली म्हणतात. त्या प्रदर्शनाला पुऱ्या मोसमाचा पास होता : पुरुषांना तीन गिनी, बायकांना दोन. आणि सामान्यांसाठी एक शिलिंगाचे दिवस राखलेले. म्हणजे तिथेही लाल आणि भुरंग होतेच! फरक इतका की सक्तीचा कर जाऊन त्या जागी राजीखुशीचे तिकीट आले होते, आणि अडवणाऱ्याचा पूल जाऊन बोलावणाऱ्याची खिडकी आली होती.

आपल्याकडे १८५३ ला आगगाडी आली, आणि पुरीला रूळ पोहोचले ते १८९७ साली. दोन महिन्यांची वाट दोन दिवसांवर आली. आमच्या बाजूला गोंदियाहून नागभीडकडे अरुंद रुळांची गाडी १९०८ च्या सुमारास धावू लागली. वडसा हे आमचे जवळचे स्टेशन तिच्यावरच. ती लाइन रुंद व्हायला नव्वदीचे दशक उजाडले. रेल्वेने वर्तुळाकार प्रवासाचे तिकीटही काढले : निघालो तिथेच परत यायचे, वाटेत ठराविक ठिकाणी उतरायचे. लांबच्या अंतराला दर कमी पडतो, या साध्या तत्त्वावर ते परवडते. चारधामाला निघालेल्या कित्येक कुटुंबांनी त्याचा लाभ घेतला. म्हाताऱ्यांना मिळणारी भाड्यातली सवलत मात्र रेल्वेने मार्च २०२० मध्ये थांबविली, तेव्हापासून आमच्यासारख्यांच्या वहीतली एक बाजू जड झाली.

आता मुंबईकडे येतो.

मुंबई हे पाहण्याचे शहर आहे, नुसते पोट भरण्याचे नव्हे, हे मराठी वाचकाला प्रथम सविस्तर सांगितले ते गोविंद नारायण माडगावकरांनी. त्यांचे 'मुंबईचे वर्णन' १८६३ साली निघाले. तेव्हा ट्राम नव्हती. ती आली ९ मे १८७४ रोजी, घोड्यांची. एक फाटा कुलाब्याहून क्रॉफर्ड मार्केटवरून पायधुणीला, दुसरा बोरीबंदराहून काळबादेवीवरून पायधुणीला. भाडे आरंभी तीन आणे होते आणि तिकीट म्हणून कागद देतच नसत. लोक फुकट बसू लागले तेव्हा कागद आला. माणसावरचा विश्वास संपला की तिकीट जन्मते! ७ मे १९०७ ला ट्रामला वीज लागली, १९२६ च्या जुलैत बस आली, आणि ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदर ते दादर अशी शेवटची ट्राम धावली.

माझ्या वडिलांनी मुंबई पाहिली ती या सगळ्यानंतर, १९९४ च्या आसपास. मी बरोबर होतो. तेव्हा चौदा-पंधरा वर्षांचा. कोणा ओळखीच्याने सांगितले म्हणून आम्ही एका खाजगी गाडीची दोन तिकिटे काढली. एका दिवसात आठ ठिकाणे दाखवू, असा करार. गाडीतला माणूस शिटी वाजवून उतरवी आणि शिटी वाजवून चढवी. वडील धान पिकवणारे. पाणी किती आले, किती गेले, हे बांधावर उभे राहून पाहणारा माणूस. चौपाटीवर आम्हांला वीस मिनिटे मिळाली. ते ओल्या वाळूत उभे राहिले आणि लाट येते कशी, परतते कशी, हे पाहू लागले. शिटी झाली. दुसरी झाली. तिसऱ्या शिटीला मी त्यांचा हात धरून ओढले. आम्ही धावलो, आणि त्यांची एक चप्पल वाळूत राहिली. ती आणायला परत सोडा म्हटले तर गाडीवाला म्हणाला, पुढची तीन ठिकाणे चुकतील. उरलेली तीन ठिकाणे वडिलांनी एका पायात चप्पल घालून पाहिली.

गावी येऊन त्यांनी आठही ठिकाणांची नावे लोकांना सांगितली. पैसे वसूल झाले होते. चपलेची गोष्ट त्यांनी फक्त मायला सांगितली असावी. ते जाऊन आता अकरा वर्षे झाली. त्यांना ओढणारा हात माझा होता, एवढे मला विसरता येत नाही. आणि यंदा वहीतली बेरीज पाहताना तेच पुन्हा पुन्हा आठवत होते.

बेरीज अशी होती. प्रथम एस.टी.चा विचार केला. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर ज्या एस.टी.चा जन्म झाला तिने १९८८ साली 'आवडेल तेथे प्रवास' ही योजना काढली. चार दिवसांचा किंवा सात दिवसांचा पास. त्या मुदतीत महाराष्ट्रभर कुठेही. मास्तरांच्या पिढ्यांनी या पासावर महाराष्ट्र पाहिला आहे, आणि त्या योजनेबद्दल मला आदर आहे. पण आमच्या घरात तो बसेना. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीच्या पुढच्यांना एस.टी. मोफत, म्हणजे मायला पास कशाला? मार्च २०२३ पासून बायकांना निम्मे भाडे. म्हणजे पत्नीलाही तो महागच. पुरा पैसा भरणारा घरात मी एकटा. मी पास काढून एकट्यानेच फिरावे, अशी सूचना पत्नीने केली. तिच्या थट्टेला उत्तर नसते. शिवाय एवढा लांबचा पल्ला बसने मायच्या गुडघ्यांना झेपणारा नव्हता. तेव्हा वडशाहून गोंदिया आणि गोंदियाहून विदर्भ एक्स्प्रेस, असे ठरले.

राहिला मुंबईतला बसचा दिवसाचा पास. बेस्टचे किमान भाडे मे २०२५ मध्ये पाचाचे दहा झाले, वातानुकूलित गाडीला बारा. आणि दिवसाचा पास साठाचा पंचाहत्तर झाला. तिघांचे दिवसाला सव्वादोनशे. पास वसूल व्हायचा तर प्रत्येकाने दिवसात सात-आठ वेळा लहान टप्प्याची बस पकडली पाहिजे. म्हणजे सात वेळा मायने ती पायरी चढायची, सात वेळा उतरायची. तीनच फेऱ्या केल्या तर सुटी तिकिटे तिघांची मिळून शंभराच्या आसपास होतात. जो नोकरदार किंवा फेरीवाला माणूस दिवसभर शहर पालथे घालतो त्याला हा पास खासच परवडतो. तो त्याच्यासाठीच आहे. आम्ही तसे नव्हतो.

वारांचाही घोळ होता. घारापुरीची लेणी सोमवारी बंद, राणीची बाग आणि तिच्यातले भाऊ दाजी लाड संग्रहालय बुधवारी बंद. पासाची मुदत चालू राहते आणि कुलूप मात्र दारावर. पुरीच्या परवान्यातही देव आजारी पडून अनसरात गेला तर दिवस कोणी वाढवून देत असेल असे वाटत नाही.

घारापुरीला जायचे की नाही यावर एक रात्र गेली. लाँचचे हेलकावे आणि पुढे शंभरावर पायऱ्या. मायला ते होणे नव्हते. मग मला आठवले, की ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलेफंटा हे नाव दिले तो हत्ती आता बेटावर नाहीच. १८६४ साली तो विलायतेला नेण्याचा बेत झाला, उचलताना फुटला, आणि जोडून शेवटी भायखळ्याला, १८७२ ला उघडलेल्या त्या संग्रहालयाच्या बाहेर येऊन उभा राहिला. कोणार्कचा स्तंभ पुरीला, घारापुरीचा हत्ती भायखळ्याला! पाहणारा जाऊ शकत नाही तिथे पाहण्याची वस्तूच चालत येते, असेही कधी घडते. मायला हत्ती दाखवला. तिने त्याच्या भोवती एक फेरी मारली आणि म्हणाली, "दगडाचा हाय, पन थकल्यावानी दिसते." यापेक्षा बरे वर्णन मी कोणत्या मार्गदर्शिकेत वाचलेले नाही.

आम्ही पास काढला नाही. चार दिवसांत पाहिली ती ठिकाणे बोटांवर मोजण्याइतकी : हत्ती, महालक्ष्मी, म्युझियमचे एक दालन, आणि समुद्र. दालनही एकच, कारण मायला बसायला बाक मिळाला आणि समोरच्या मूर्तीवरून तिची नजर हलेना.

चौपाटीवर आम्ही दुपारी चारला गेलो. भरतीची वेळ होती. पत्नीने चादर पसरली. माय कितीतरी वेळ काही बोलली नाही. मग ती उठली, लुगडे सावरून ओल्या वाळूत गेली, आणि पाणी पायांवरून गेले तशी लहान पोरीसारखी मागे सरली व पुन्हा पुढे झाली. अंधार पडायला लागला, दिवे लागले. मी घड्याळ पाहिले ते तिने पाहिले.

"गाडी हाय का आपली?" तिने विचारले.

"नाही, माय. बस केव्हाही मिळते."

"मंग बस ना." थोड्या वेळाने ती म्हणाली, "तुह्या बाबाची चप्पल इथंच राह्यली होती ना रे बाबू? कोनत्या अंगाला?"

मला जागा आठवत नव्हती. मी उगाच उजवीकडे हात केला. ती तिकडे पाहत राहिली. आठ वाजून गेले तेव्हा आम्ही उठलो, आणि रस्ता ओलांडून बसच्या थांब्यावर आलो. वाहकाने तीन तिकिटे फाडली. सुट्या पैशांवरून त्याची-माझी थोडी हुज्जत झाली, ती पत्नीने मिटवली.